पोटगीचा आकडा कोर्ट कसा काढतं? २५ टक्क्यांचा नियम खरंच आहे का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मामेबहिणीच्या प्रकरणात विचारायचं आहे. वकील लावलेले आहेत, पण भेटेल तो वेगळा आकडा सांगतो, म्हणून इथे मांडतो.

लग्न २०१४ चं, हिंदू विवाह कायद्याखालचं. मुलगी ९ वर्षांची, आईकडे. नवऱ्याने नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात क्रूरतेच्या मुद्द्यावर घटस्फोटाचा अर्ज टाकलाय. बहिणीकडून आतापर्यंत फक्त वकीलपत्र दाखल झालंय, पोटगीचा अर्ज नाही. नवरा खासगी कंपनीत. एकूण पगार १,४५,०००, पण पगारपत्रकावर हातात येणारी रक्कम ७८,३०० दिसते. त्याची आई त्याच्याकडे असते, तिला निवृत्तिवेतन नाही. बहिणीने मुलगी झाल्यावर नोकरी सोडली होती, आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये १८,००० वर जाते. मुलीची शाळेची फी वर्षाला ८४,०००.

निरोप आलाय की २० लाख एकरकमी घे, परस्पर संमतीने मोकळे होऊ, पुढे कुणाचा कुणावर हक्क नाही.

तर २५ टक्के धरायचे ते १,४५,००० चे की ७८,३०० चे? ती कमावते म्हणून पोटगी नाकारतील का? आणि २० लाख ठीक आहेत का?

रोजनामा

आधी एक काम करा, बाकी चर्चा नंतर. अंतरिम पोटगीचा अर्ज या आठवड्यात दाखल करून घ्या. सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० ला 'रजनेश विरुद्ध नेहा'मध्ये ठरवून दिलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. अर्जच नसेल तर तारीखही नाही. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात म्हणणं, शपथपत्र, समुपदेशन, मुदतीचे अर्ज यांत वर्ष सहज जातं. महिना ३०,००० मंजूर झाले आणि आदेशाला ११ महिने लागले, तर ३,३०,००० थकबाकी एकदम देय होते. अर्ज सहा महिने उशिरा टाकला तर त्यातले १,८०,००० गेले. ते कोणतंही कोर्ट परत देणार नाही.

आता कलमं. वेगवेगळ्या तीन-चार गोष्टींना लोक सरसकट 'पोटगी' म्हणतात, गोंधळ तिथे होतो.

हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ खटला चालू असेपर्यंतचं. त्यात महिन्याची रक्कम आणि खटल्याचा खर्च दोन्ही मागता येतात. खटला संपला की हा आदेशही संपतो. कलम २५ कायमस्वरूपी पोटगीचं. हुकूमनाम्याच्या (घटस्फोट वगैरे देणाऱ्या अंतिम आदेशाच्या) वेळी किंवा त्यानंतर केव्हाही अर्ज करता येतो, पण अर्ज लागतो. कैफियतीत (लेखी उत्तरात) मागणीच नाही, आणि निकालाच्या दिवशी 'पोटगीचं काय?' असं विचारणारे पक्षकार आठवड्याला एक तरी दिसतात. आणखी एक खाच: नवऱ्याचा घटस्फोटाचा अर्जच फेटाळला गेला तर कलम २५ खाली काही मिळत नाही, कारण हुकूमनामाच झालेला नसतो. १९९३ पासून सुप्रीम कोर्टाची ही भूमिका पक्की आहे. तेव्हा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ च्या कलम १८ कडे जावं लागतं.

तिसरा रस्ता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ चा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालाय. तो धर्म बघत नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही तो खुला आहे, हे सुप्रीम कोर्टाने १० जुलै २०२४ ला पुन्हा स्पष्ट केलं. चौथा रस्ता कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम २०.

एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करता येतो, पण रकमेची बेरीज होत नाही. हिंसाचाराच्या अर्जात १२,००० मिळत असतील आणि नंतर कलम २४ खाली ३०,००० झाले, तर आधीचे १२,००० वळते करून हातात ३०,००० च येतात. दुसऱ्या कोर्टाने 'याव्यतिरिक्त' असं लिहिलं असेल तरच गोष्ट वेगळी. आधीचा आदेश दुसऱ्या कोर्टापासून लपवला तर अंगाशी येतं.

२५ टक्क्यांबद्दल: कायद्यात असा आकडा कुठेही नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या एका निकालात 'निव्वळ पगाराच्या २५ टक्के ही रक्कम योग्य ठरेल' असं वाक्य आहे, ते सगळे उचलतात. पुढचं कुणी वाचत नाही. त्याच निकालात नवऱ्याचा निव्वळ पगार सुमारे ९५,००० होता, हायकोर्टाने २३,००० दिले होते आणि सुप्रीम कोर्टाने ते २०,००० वर आणले, कारण त्याने दुसरं लग्न केलं होतं आणि त्याला मूल होतं. म्हणजे ज्या निकालावरून हा 'नियम' निघाला, तिथेच आकडा २१ टक्क्यांच्या आसपास थांबला.

कोर्ट बघतं ते असं: दोघांचं राहणीमान, बायकोच्या आणि मुलांच्या वाजवी गरजा, तिचं स्वतःचं उत्पन्न, शिक्षण, लग्न किती वर्षं टिकलं, घरासाठी तिने नोकरी सोडली का, नवऱ्याची ऐपत, त्याच्यावर खरोखर अवलंबून असलेली माणसं, महागाई, खटल्याचा खर्च. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात साधारण हेच घटक पुन्हा मांडून बायकोला ५ कोटी आणि मुलासाठी १ कोटी दिले. त्याच महिन्यात दुसऱ्या खंडपीठाने १२ कोटी देतानाच बजावलं की पोटगी म्हणजे नवऱ्याच्या संपत्तीशी बरोबरी नव्हे. त्याने विभक्त झाल्यावर कमावलेल्या वैभवात वाटा मागता येत नाही. हे कोटींचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात आणि १८,००० कमावणारी माणसं तेवढी आशा लावून बसतात. ते निकाल फक्त तत्त्वासाठी वाचायचे.

ती कमावते म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही. कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमाई असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. १८,००० मध्ये ती मुलीसह त्याच्या तोडीचं आयुष्य जगू शकत नाही, एवढं दाखवलं की पुरे. मात्र ते १८,००० शपथपत्रात लिहा. लपवू नका.

पर्वतीचा_सीए

रोजनामांनी कायदा सांगितला, मी पगारपत्रक उलगडतो. १,४५,००० आणि ७८,३०० यांच्यामध्ये काय दडलंय ते बघू. आकडे नमुन्याचे धरतो, रचना बहुतेक खासगी नोकऱ्यांत अशीच असते.

मूळ वेतन ५८,००० धरलं तर भविष्य निर्वाह निधी १२ टक्क्यांनी ६,९६०. व्यवसाय कर २००. नव्या करप्रणालीत १७.४० लाख वार्षिक पगारावर ७५,००० प्रमाणित वजावट जाऊन २०२५-२६ चा कर उपकरासह १,३८,३२० होतो, म्हणजे महिना साधारण ११,५३०. या तीन कपाती सक्तीच्या. त्या गेल्यावर उरतात सुमारे १,२६,३००.

मग ७८,३०० कसे झाले? वरचे ४८,००० ऐच्छिक कपातीत गेलेले असतात. उदाहरणार्थ, ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी १५,०००, कर्मचारी पतपेढीचा कर्जहप्ता २८,०००, पतपेढीतली ठेव ५,०००. पहिला आणि तिसरा आकडा हा खर्चच नाही, त्याचीच बचत आहे. पतपेढीचं कर्ज कधी काढलं ती तारीख बघा. नोटीस मिळाल्यावर काढलेलं कर्ज आणि २०१९ चं गृहकर्ज यांना कोर्ट एका मापाने मोजत नाही. गृहकर्जाचा हप्तासुद्धा पूर्ण वजा होईल असं गृहीत धरू नका, त्यातून त्याचीच मालमत्ता उभी राहते. त्याच घरात बायको-मुलगी राहत असतील तर तो हप्ता वेगळा मोजला जातो.

म्हणून हिशोब १,२६,३०० वर मांडायचा. त्याचे २५ टक्के साधारण ३१,६००.

दुसरी पद्धत दिल्ली हायकोर्टाच्या २००४ च्या निकालातली, वाटे पाडण्याची. दोघांचं उत्पन्न एकत्र करायचं, कमावत्या नवऱ्याला दोन वाटे, बाकी प्रत्येकाला एक. तुमच्या प्रकरणात १,२६,३०० अधिक १८,००० म्हणजे १,४४,३००. नवऱ्याचे दोन, बायको, मुलगी आणि त्याची आई असे पाच वाटे, प्रत्येकी २८,८६०. मायलेकींचे दोन वाटे ५७,७२०, त्यातून तिचे १८,००० वजा केले की ३९,७२०.

कागदपत्रांत फक्त पगारपत्रकावर थांबू नका. फॉर्म १६ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), तीन वर्षांची विवरणपत्रं, आणि आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण. या शेवटच्या कागदात बँकेचं व्याज, लाभांश, शेअर-म्युच्युअल फंडाची विक्री, मोठ्या रकमेची मालमत्ता खरेदी असं सगळं पॅनवर नोंदलेलं असतं. खातं विसरलो म्हणणाऱ्याला ते खातं तिथे सापडतं. बोनस आणि शेअरच्या रूपात मिळणारा मोबदला मासिक पत्रकात दिसत नाही, फॉर्म १६ मध्ये दिसतो.

रोजनामा

वाट्यांची पद्धत युक्तिवादात जरूर वापरा, पण ती इथल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, आणि न्यायाधीश त्रैराशिक मांडत बसत नाहीत. गरजांचा तक्ता आणि शपथपत्रं शेजारी ठेवून ते आकडा ठरवतात. या आकड्यांवर अंतरिम आदेश २५,००० ते ४०,००० मध्ये कुठेही बसू शकतो. कुठे बसेल हे कागदांवर ठरेल.

शपथपत्राबद्दल. रजनेश निकालाला जोडलेला मालमत्ता व दायित्वांचा नमुना दोघांनाही भरावा लागतो. शहरी-नोकरदारांसाठी वेगळा, शेतीवाल्यांसाठी वेगळा. अर्जासोबत तिचं शपथपत्र, आणि नवऱ्याने चार आठवड्यांत उत्तरासह आपलं. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत, टाळाटाळ झाली तर बचाव काढून टाकता येतो, असं निकालात आहे. पण दुसऱ्या तारखेलाही शपथपत्र आलं नाही तर तुमच्या वकिलांनी तसा लेखी अर्ज द्यायला हवा. तोंडी तक्रार कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, म्हणजे रोजनाम्यात, येतेच असं नाही.

नमुना कोरा ठेवून 'लागू नाही, लागू नाही' असं खाली ओढत न्यायची पद्धत पडलीय. मुलीच्या खर्चाचा तक्ता मात्र नीट भरा: फी ८४,००० म्हणजे महिना ७,०००, रिक्षा किंवा बस, शिकवणी, वह्या-गणवेश, औषधं, आणि घरभाड्यातला वाटा. ती माहेरी राहत असेल तर घरभाडं शून्य लिहून मोकळं होऊ नका. वेगळं राहायचं ठरवलं असेल तर त्या भागातल्या भाड्याचा एखादा करारनामा जोडा. उलट बाजूला ब्युटी पार्लरचे महिना १२,००० असली ओळ तक्त्यात घातली तर न्यायाधीश बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका घेतात.

नवरा कागद देत नसेल तर त्याच्या कंपनीकडून पगाराचा तपशील आणि बँकेकडून खातेउतारा मागवण्यासाठी समन्सचा अर्ज करा. नेमकं काय हवंय ते लिहा: 'एप्रिल २०२३ पासून आजवरची मासिक पत्रकं, बोनस, शेअर मोबदला, ऐच्छिक कपाती सुरू झाल्याच्या तारखा'. 'सर्व कागदपत्रे' असं मोघम लिहिलं की अर्ज फेटाळायला कारण मिळतं.

मुलीची पोटगी आईच्या रकमेत मिसळू नका, आदेशात दोन वेगळे आकडे मागा. आईने पुढे दुसरं लग्न केलं तर तिचा हक्क थांबू शकतो, मुलीचा थांबत नाही. अविवाहित मुलीला, ती स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर, १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली सज्ञान झाल्यावरही हक्क आहे.

खर्चाची काळजी असेल तर: महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

निशाणी_पाच

नवऱ्यांच्या बाजूचंही कुणीतरी लिहायला हवं, नाहीतर हा धागा एकतर्फी होईल.

त्याच्या आईला निवृत्तिवेतन नाही, हा त्याचा खरा मुद्दा आहे. फक्त 'आई माझ्यावर अवलंबून आहे' एवढं लिहून चालत नाही. तिच्या औषधांची बिलं, डॉक्टरांचे कागद, तिच्या नावावर घर किंवा शेती नाही याचा पुरावा, आणि दुसरी भावंडं असतील तर ती किती देतात हे सांगावं लागतं. ते नसेल तर आईचा वाटा कागदावरच राहतो.

नोकरी सोडणं हा सगळ्यात वाईट सल्ला, आणि तो मित्रमंडळी हमखास देतात. धडधाकट माणसाने मजुरी करूनही बायको-मुलांना पोसलं पाहिजे अशी सुप्रीम कोर्टाची २०२२ ची भूमिका आहे. राजीनाम्याची तारीख आणि नोटिशीची तारीख शेजारी ठेवली की कोर्ट जुना पगार धरूनच आदेश करतं. नोकरी खरोखर गेली असेल तर देणं बंद करून बसू नये. बदललेल्या परिस्थितीचा अर्ज करावा, कलम २५(२) खाली किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली. अर्ज होईपर्यंत जुना आकडा चढतच राहतो.

पैसे रोख देऊ नयेत. बँकेतून पाठवावेत आणि शेऱ्यात 'अंतरिम पोटगी, ऑगस्ट' असं लिहावं. शाळेची फी परस्पर भरली, विमा भरला, मुलीला सायकल घेतली, हे आपोआप वळतं होत नाही. फी वळती करून हवी असेल तर आदेश होण्याआधी तसं म्हणणं मांडावं. आदेशात असलं तरच ते धरलं जातं.

बायकोने उत्पन्न लपवलं असेल तर तोंडी आरोप करण्यापेक्षा तिच्या मालकाला समन्स काढायचा अर्ज करावा. शपथपत्र खोटं निघालं तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या ३४० ऐवजी आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली चौकशीचा अर्ज करता येतो. पण गंमत अशी की हे शस्त्र दोन्हीकडून चालतं, आणि स्वतःची पतपेढी लपवणाऱ्याने ते उचलू नये.

आणि हो, कलम २४ आणि २५ नवऱ्यालाही खुली आहेत. नांदेडच्या एका प्रकरणात शिक्षिका असलेल्या बायकोने नवऱ्याला महिना ३,००० द्यावेत हा आदेश औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम ठेवला. पण कलम १४४ फक्त बायको, मुलं आणि आई-वडिलांसाठी आहे, नवऱ्यासाठी नाही.

बेलिफ

आकडा काढण्यापर्यंत सगळे हुशार. पैसे वसूल करताना काय होतं ते मी लिहितो.

कलम १४४ खालचा आदेश असेल तर थकबाकी वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, नाहीतर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. 'देईल, देईल' म्हणत १८ महिने वाट बघणाऱ्यांचे पहिले सहा महिने इथे अडकतात. दर दहा-अकरा महिन्यांनी अर्ज टाकत राहायचं, नवरा मधे थोडे पैसे देत असला तरी. एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण तुरुंगात जाऊन आल्याने देणं फिटत नाही, कैद हा वसुलीचा दबाव आहे, पावती नव्हे. नवरे हे ऐकून दरवेळी चकित होतात.

कलम २४ किंवा २५ चा आदेश असेल तर दिवाणी दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज. नोकरदाराच्या बाबतीत पगार जप्ती सगळ्यात परिणामकारक, आणि इथे पोटगीला खास सवलत आहे. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश सुरक्षित, म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत जप्ती. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. जप्तीचा हुकूम कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, पगार काढणाऱ्या विभागाच्या नावाने न्यायचा. शाखेत दिला तर 'आमच्याकडे पगार होत नाही' या शेऱ्यानिशी परत येतो आणि दोन तारखा फुकट जातात.

धंदेवाल्याचा पगार जप्त होत नाही. तिथे कलम २५ चं एक वाक्य कामाला येतं: पोटगीच्या रकमेचा बोजा प्रतिपक्षाच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. ही मागणी अर्जातच करा, मालमत्तेचं वर्णन गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांकासह द्या. आदेश झाला की प्रत घेऊन तलाठी कार्यालयात सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद करून घ्या, शहरात मिळकत पत्रिकेवर. नोंद नसलेला बोजा घेणाऱ्याला दिसत नाही, आणि सातबारा बदलून गेल्यावर मागे धावणं अवघड.

बजावणीसाठी त्याचे सध्याचे पत्ते दोन तरी द्या, घरचा आणि कामाचा. 'पत्त्यावर आढळून आला नाही' या एका शेऱ्यावर वर्ष जातं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, वकिलांना अर्ज तयार करायला सांगितलाय. २० लाखांबद्दल कुणीच बोललं नाही. मामांचा कल 'एकदाचं घेऊन टाका' असा आहे, कारण रोज कोर्टात कोण जाणार. त्यांचंही चुकत नाही.

पर्वतीचा_सीए

मामांचा मुद्दा व्यवहाराचा आहे, पण आकडा बघा. २० लाख ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकले तर वर्षाला १,४०,०००, महिना ११,६६७. मुद्दल तसंच राहील, पण महागाईत झिजेल. उलटा हिशोब: फक्त बहिणीसाठी महिना २५,००० वीस वर्षं मिळणार असतील तर ७ टक्के दराने त्याची आजची किंमत साधारण ३२ लाख. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर तीच ५० लाखांच्या घरात जाते. वाढ ही काल्पनिक नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात महिना ५०,००० देऊन दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ लावून दिली. तुमच्या अर्जातही वाढीची मागणी असू द्या, नाहीतर दर काही वर्षांनी नवा अर्ज.

अर्थात महिन्याच्या रकमेत वसुलीचा धोका आहे, तो बेलिफ यांनी सांगितलाच. त्या धोक्यापोटी काही सूट देणं शहाणपणाचं आहे. पण ३२ चे २० करणं ही सूट फार झाली, आणि त्यात मुलगी धरलेलीच नाही.

कर: एकरकमी पोटगी भांडवली प्राप्ती, तिच्यावर आयकर नाही. महिन्याची पोटगी घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. मुंबई हायकोर्टाचा १९८४ चा निकाल याच अर्थाचा आहे. देणाऱ्याला वजावट कशातच नाही. तिचे १८,००० अधिक ३०,००० म्हणजे वर्षाला ५,७६,०००, नव्या प्रणालीत सवलत मिळून तिला कर शून्यच येईल, त्यामुळे करासाठी एकरकमी घ्या हा सल्ला इथे लागू नाही. एकरकमी रकमेच्या ठेवीवरचं व्याज मात्र तिचं करपात्र उत्पन्न, हे लक्षात ठेवा.

पैशांऐवजी फ्लॅट देतो म्हणाला तर बक्षीसपत्र हुकूमनाम्याच्या आधी नोंदवून घ्या. महाराष्ट्रात निवासी मालमत्ता पतीने पत्नीला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, इतर उपकर असतील ते वेगळे. हुकूमनाम्यानंतर ती पत्नी राहत नाही आणि ही सवलतही नाही. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी.

रोजनामा

परस्पर संमतीने जायचं ठरलं तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. पहिल्या आणि दुसऱ्या हजेरीत सहा महिन्यांचं अंतर. ते माफ करता येतं हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय, पण दोघं बराच काळ वेगळे राहत असतील आणि सगळे वाद मिटले असतील तरच. पैसे कधी हातात येणार हे अटींत तारखेनिशी लिहा. रूढ पद्धत अशी की काही रक्कम पहिल्या हजेरीला, उरलेल्याचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या हजेरीला कोर्टासमोर. 'हुकूमनाम्यानंतर तीन महिन्यांत' हे मान्य करू नका. एकदा हुकूमनामा झाला की त्याची घाई संपते. धनादेश तर नकोच.

'पुढे कसलाही हक्क नाही' या वाक्यात मुलगी येता कामा नये. मुलीचा हक्क आईला सोडून देता येत नाही, सोडला तरी कोर्ट तो मुलीविरुद्ध धरत नाही. पण असं वाक्य असेल तर पुढे भांडण मात्र हमखास. म्हणून मुलीसाठी वेगळं कलम: महिन्याची रक्कम, वार्षिक वाढ, बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च कोण किती टक्के उचलणार, आरोग्य विमा. स्त्रीधनाची यादी वेगळी जोडा, दागिने पोटगीत धरू नयेत. पोलिसांत छळाचा, ४९८अ किंवा आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खालचा गुन्हा दाखल असेल तर नुसत्या पुरसीसने (कोर्टात दिलेल्या लेखी निवेदनाने) तो संपत नाही, हायकोर्टातून संमतीने रद्द करून घ्यावा लागतो. त्याचा क्रमही अटींत लिहा, म्हणजे अर्धी रक्कम देऊन कुणी अडून बसत नाही.

माझं मत विचाराल तर अंतरिम अर्ज आणि शपथपत्र आधी दाखल होऊ द्या, त्याचं शपथपत्र येऊ द्या, मग बोलणी. ७८,३०० ची खरी कहाणी शपथेवर आली की २० लाखांचा निरोप बहुधा तसाच राहत नाही. कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक या टप्प्यावर उपयोगी पडतात, तिथे बोललेलं पुरावा म्हणून वापरलं जात नाही.

निशाणी_पाच

एक दुरुस्ती नाही, भर. अंतरिम आदेशाविरुद्ध कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ खाली अपील होत नाही, हायकोर्टात रिट याचिका करावी लागते. अंतिम निकालावर अपील होतं, हिंदू विवाह कायद्याच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या भूमिकेप्रमाणे ९० दिवसांत. नवऱ्याने रिट केली तरी स्थगिती मिळेपर्यंत अंतरिम रक्कम द्यावीच लागते, आणि स्थगिती देताना हायकोर्ट बरेचदा थकबाकीतला मोठा भाग आधी भरायला लावतं. 'रिट केलीय, म्हणून देत नाही' हे कारण चालत नाही.

गोदाकाठ

पतपेढीचं कर्ज मार्च २०२५ चं निघालं, वकिलाची नोटीस फेब्रुवारीची. ऐच्छिक भविष्य निर्वाह निधीही एप्रिलपासूनच सुरू. कंपनीला समन्सचा मसुदा वर दिलाय तसाच घेतोय, तारखांसकट.

बेलिफ

पतपेढी कर्मचाऱ्यांची असेल तर तिच्या सचिवालाही वेगळं समन्स लागेल, ती कंपनीहून स्वतंत्र नोंदणीकृत संस्था असते. कर्जाचा अर्ज मागवा, त्यात कर्जाचं कारण आणि जामीनदारांची नावं असतात. आणि कर्जाची रक्कम कोणत्या खात्यात वळली तेही.